सरजाच्या वाट्याची सकाळ

रेणापूर,
२२ जानेवारी १९८४

प्रिय चांगुणा,

हे पत्र तुझी लेक सरजाच तुला वाचून दाखवणार, हे धरूनच लिहायला बसले आहे. तुझ्या धन्याला, ग्यानोबांना, वाचता येतं म्हणतात, पण त्यांचं वाचन एसटीच्या पाटीपलीकडे गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा वाचणाऱ्या बाईसाहेबांना आधीच बजावून ठेवते : मधलं काही गाळायचं नाही, आणि स्वतःचं नाव आलं की आवाज बारीक करायचा नाही. मी मास्तरीण आहे, गाळलेलं मला इथे रेणापुरात बसून कळतं. आणि चांगुणा, तू हातातलं काम खाली ठेव. दळण नंतर निवड. पत्र लांबणार आहे. ऐकून झाल्यावर माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण अर्ध्यावर उठायचं नाही.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. थोरली यंदा चौथीत, धाकटी दुसरीत, आणि दोघींची भांडणं मॅट्रिकच्या वरची. आमचे हे लातूरच्या नव्या कचेरीत बदलून गेले तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याची कॉलर ताठ झाली आहे. जिल्हा झाल्यापासून लातुरात ज्याला त्याला आपणच कलेक्टर असल्यासारखं वाटतं. हसायचं तेवढं हसून घेते, पण खरं सांगायचं तर मलाही अभिमान वाटतो. पूर्वी साध्या दाखल्यासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, दिवस मोडायचा. आता सकाळी जाऊन माणूस जेवायला घरी येतो. बाकीच्यांना जिल्हा झाल्याचं पाट्या आणि जीपगाड्या बघून कळलं. मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीने. लातुरात आता लहान पोराला भूल देणारा माणूस मिळतो. एवढं झालं, मला जिल्हा पावला.

परवा लातूरच्या बाजारात, गोलाईत, ग्यानोबा भेटले. तुरीचा भाव बघायला आलोय म्हणाले. भाव काही बघत नव्हते, मलाच शोधत होते. हॉटेलात बसलो. त्यांनी बशीतला चहा इतका वेळ फुंकला की तो गार झाला, तेव्हाच मी ओळखलं की निरोप कडू आहे. दिवाळीला मी तुमच्याकडे आले होते तेव्हा आपलं ठरलं होतं की फेब्रुवारीत सोलापूरचे हाताचे डॉक्टर लातूरला येणार, त्यांना सरजाचा हात दाखवायचा आणि त्यांनी सांगितलं तर तिथेच ऑपरेशन करून घ्यायचं. तू माझ्या देखत मान डोलावली होतीस. आणि आता हा निरोप : ‘न्हाई म्हणावं बाईला. एकदा झालं तेवढं बास झालं.’ निरोपासोबत तू कारणंही पाठवली होतीस. ग्यानोबांनी ती पाठ करून आणली होती, एकही विसरले नाहीत.

पहिलं कारण, ज्वारी काढणीला आली. चांगुणा, तुमच्या रानात ज्वारी दरसाल काढणीला येते. दोन दीर आहेत, दोन जावा आहेत, चार दिवस तू नसलीस म्हणून कणसं रुसून बसणार नाहीत. दुसरं कारण, पोरीचं डाव्या हातानं चाललंय. चाललंय खरं, मीही पाहिलं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा तळव्याकडे ओढलं गेलंय. भाकरी थापताना ती उजवा हात मुठीने ढकलत होती, भाकरी एका अंगाला जाड होत होती. तुझी धाकटी जाऊ हसली, सरजाही हसली. मग पाणी प्यायला म्हणून उठली ती थेट गोठ्यात जाऊन बसली. तुला माहीत नसेल, कारण तिच्याजवळ मी होते. तिसरं कारण लग्नाचं. ऑपरेशन झाल्याचा बभ्रा झाला तर उद्या कोणी विचारणार नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण कुठे वापरायची याला काही धरबंध आहे की नाही? आणि तेरा वर्षांच्या पोरीचं लग्न काढलंस तर मी येणार नाही. आलेच तर पोलीस पाटलाला सोबत घेऊन येईन.

हात पुन्हा ओढला जाणार हे काही आपल्याला नवं नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच वेळी तुला सांगून ठेवलं होतं की अंग वाढेल तसं जोडलेलं कातडं वाढणार नाही, पोरगी मोठी होताना पुन्हा एकदा सोडवावं लागेल. तूच मला हे सांगितलंस, तेही किती ऐटीत, जणू डॉक्टरकी तुझीच. मला आठवतं, तू सरजाला घेऊन रेणापूरला आली होतीस. माझ्या ओसरीवर बसून तिची मूठ उघडून दाखवलीस, आणि त्या कार्टीने त्या हाताने माझ्या ताटातला पापड उचलला. पाच बोटं, पाचही सुटी. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी बोटांकडे. तेव्हा दुष्काळ सरून पहिली पिकं घरात आली होती.

दुष्काळाचं ते वर्ष सरजाला कुठून आठवणार? तिच्यासाठी थोडं लिहिते, तू ऐक नुसतं. सरजा, तुझी आई तेव्हा खडी फोडायला जायची. गावातल्या सगळ्याच बायका जायच्या, पाटलाच्या सुनासुद्धा पदर ओढून ओळीत बसायच्या. तू आजीपाशी असायचीस. केवळाबाईंनी पेजेचं भांडं उतरवायला पाठ वळवली आणि तू चुलीतला निखारा मुठीत धरलास. चकाकतं ते धरायचंच, हा तुझा स्वभाव तेव्हापासूनचा. भाजलेल्या हाताला कोणी शाई लावली, कोणी चुन्याची निवळी. जखम भरत गेली तशी मूठ मिटत गेली, बोटं तळव्याला चिकटली. लोक म्हणाले, पोरीने मुठीत लक्ष्मी धरली आहे, उघडू नका. ज्यांच्या घरात दळायला दाणा नव्हता, त्यांना पोरीच्या मुठीत लक्ष्मी दिसत होती! शेवटी खडीच्या कामावरच्या ओव्हरसियरने तुझा हात पाहिला आणि तुझ्या आईला म्हणाला की सोलापूरला हे उघडून देतात. उघडून देता येतं, एवढंच आपल्या माणसांना कोणी सांगत नाही. माहीत असतं तर माणसं डोंगर चढून जातात. तुझी आई गेली. खडी सोडून, आजीला आणि तुला घेऊन, कधी मालमोटारीत, कधी एसटीत, ती गेली. पुढे तिला कोणी भित्री म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

मीही त्याच वेळी सोलापूरला होते. कशासाठी, ते चांगुणा, तुला माहीत आहे. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. अकरा वर्षं झाली, दर साल तू हुरड्याला बोलावतेस, मी येते, आपण पिकाचं बोलतो, पोरींचं बोलतो, तुझ्या जावेच्या चहाड्या करतो, आणि त्या एका गोष्टीच्या कडेकडेने जातो. मला वाटायचं, मला त्रास होऊ नये म्हणून तू गप्प राहतेस.

तर आधी माझ्या उद्योगांचं सांगते. गावात माझं नाव ‘ऑपरेशनवाली बाई’ पडलं आहे. वर्गात नवं पोर आलं की मी आधी त्याचं चालणं बघते, मग ओठ, मग हात, आणि पोरगा असेल तर त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारते, जांघेत गाठ येते का? बाया लाजतात, काही शिव्या देतात. देऊ देत. प्रत्येक गावात दाराआड बसवलेलं एखादं पोर असतंच, चांगुणा. कोणाचा पाय वळलेला, कोणाचा ओठ फाटलेला. पाहुणे आले की त्याला आत ढकलायचं आणि नशीब म्हणून गप्प बसायचं. एका पोराचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. त्याच्या आईने ग्रहणात वांगं चिरलं म्हणून असं झालं, असं सासूने ठरवलं होतं आणि सात वर्षं त्या बाईला त्या वांग्यावरून टोचत होती. मी सासूलाच एसटीत घालून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना तिच्या समोर विचारलं, वांग्याचा काही संबंध आहे का? आता तो पोरगा कविता म्हणताना इतका बोंबलतो की शेजारच्या वर्गातले गुरुजी तक्रार घेऊन येतात. परवा गोलाईत माझ्यासोबत दुसरा एक पोरगा होता, त्याची जांघेतली गाठ वेळेवर काढली. पुढच्या आठवड्यात तो झाडावर चढेल आणि मी त्याला झोडपेन.

बढाई मारते आहे असं वाटेल. मारतेच आहे. या कामात मला भीती वाटत नाही, कारण मी उशीर झालेला पाहिला आहे. सुरीने पोर बरं होतं, उशिराने जातं. एवढं एक मी माझ्या हाडांनी शिकले, आणि ते मी कोणाहीपुढे छातीवर हात ठेवून सांगते.

आता ग्यानोबांचं उरलेलं सांगते. तुझी तिन्ही कारणं मी एकेक करून निकालात काढली तेव्हा त्यांनी बशी बाजूला सारली. मग टेबलावर सांडलेल्या चहात बोट फिरवत म्हणाले, ‘बाई, हे समदं वरवरचं हाय. तिच्या डोक्यात दुसरंच बसलंय. त्या दिशी मरण सरजाच्या नावानं आलतं म्हणती. आईनं सुकडी चारली, सरजा टेबलावरनं उतरली, अन् बाईचं लेकरू तिच्या जागी गेलं. आता पोरगी पुन्हा तिथं निजवली तर ते आपलं घेतल्याबिगर जाणार न्हाई. तुमाला सांगायची तिची छाती होत न्हाई.’ एवढं बोलून ते उठले आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून माझ्याशी भांडून गेले. मी तिथेच बसून राहिले. अकरा वर्षं तू माझ्यासाठी हुरडा भाजत होतीस, माझ्या दोन्ही बाळंतपणांना डिंकाचे लाडू घेऊन येत होतीस, माझ्याशी कधी वाद म्हणून घालत नव्हतीस, आणि मी समजत होते की ही बाई स्वभावानेच गोड. मला तुझा फार राग आला, चांगुणा. आणि मग रडू आलं.

म्हणून आज मी ते सगळं लिहिते आहे. सरजा, थांबू नकोस.

नागसेन माझा पहिला मुलगा. चार वर्षांचा होता. जांघेत गाठ त्याला जन्मापासून होती, रडला की फुगायची, निजला की जायची. सगळे म्हणायचे, वयाबरोबर जाईल. त्या आठवड्यात ती गेलीच नाही. उलट्या सुरू झाल्या, पोट टम्म झालं. आमचे हे तेव्हा मुखेडकडे दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला होते. घरात सगळ्यांनी ठरवलं की बेंबी सरकली. बेंबी बसवणारी म्हातारी आली. तिने त्याच्या बेंबीवर पेटता दिवा ठेवला, त्यावर तांब्या पालथा घातला. तांब्या घट्ट धरला तशा बाया म्हणाल्या, बघा, बेंबीच होती. म्हातारीने तेल लावून जीव ओतून चोळलं. तिचा काही दोष नाही. तिने शेकडो पोरांची पोटं चोळली होती आणि त्यातली बहुतेक खेळायला पळाली होती. आम्ही सगळ्यांनी तेच केलं जे आमच्या घरांत होत आलं होतं. मी कोणाला बोल लावत नाही, स्वतःलाही नाही. ते कधीच सोडून दिलं, नाहीतर शाळेत उभी राहू शकले नसते. मग मी आणि माझा दीर त्याला घेऊन निघालो. वाटेतल्या एकेका गावात दवाखाना होता, डॉक्टरही भले होते, पण एवढ्याशा पोराला भूल द्यायला माणूस नव्हता. सगळीकडे एकच, ‘पुढे न्या.’ पुढे म्हणजे पुढची एसटी. सोलापूर येईपर्यंत त्याचं रडणंही बंद झालं होतं.

त्या सकाळी पहिली सरजा होती. नर्सबाईंनी बजावलं होतं की पोरीच्या पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. पण वर्ष कोणतं होतं? त्या वर्षी बाया स्वतः पाणी पिऊन निजत होत्या आणि पोराच्या तोंडात घास घालत होत्या. केवळाबाई तुला म्हणाल्या होत्या ना, ‘उपाशी लेकरू सुरीखाली कसं देऊ?’ तू नळावर गेलीस तेवढ्यात त्यांनी पदरात बांधून आणलेली सुकडी कालवून पोरीला पोटभर चारली. दुष्काळात शाळेत पोरांना वाटायची ती सुकडी, म्हातारीने स्वतः न खाता साठवलेली. आत नेल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं आणि सरजाबाईंनी खुशीत सांगून टाकलं, ‘आजीनं सुकडी चारली!’ झालं. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी छातीत जाऊन पोर जातं. डॉक्टर तुमच्यावर ओरडले, पोरीला बाहेर आणलं. तू सासूवर ओरडत होतीस, केवळाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्याच वेळी मी नागसेनला खांद्यावर टाकून त्या वऱ्हांड्यात शिरले. टेबल तयार, डॉक्टर हात धुऊन उभे, भूल देणारा समोर. माझ्या खांद्यावरून त्याला उचललं आणि सरळ आत नेलं. तू मला पहिल्यांदा पाहिलंस ते तेव्हा.

त्यानंतर काय झालं ते तू बघितलंस, पण तू शेजारच्या खाटेवरून बघत होतीस. जवळून ते कसं होतं ते ऐक. आतड्याचा एक भाग काळा पडला होता, तो त्यांनी काढला. डॉक्टर मला म्हणाले, सकाळचं दुसरं कोणी टेबलावर असतं तर तुमच्या मुलाने दुपार पाहिली नसती. संध्याकाळी नागसेनने डोळे उघडले. पोट सपाट झालं होतं, दुखणं उतरलं होतं, कित्येक दिवसांनी त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. त्याने मला विचारलं, ‘आई, शेळी व्याली?’ आमची शेळी गाभण होती. मी म्हटलं, हाव, दोन करडं झाली. एक काळं, एक कबरं. तर म्हणतो, कबरं माझं. पूर्ण एक दिवस तो माझ्याशी बोलला, चांगुणा. करडाचं नाव ठेवलं. तुझ्या सरजाकडे बघून वाकुल्या दाखवल्या, आणि तिने मूठ दाखवली. त्याचे बाबा मुखेडहून येऊन पोचले, त्यांनाही त्याने ओळखलं. मग ताप चढला. विष अंगात आधीच पसरलं होतं, ते सुरीला काढता येत नव्हतं. तो गेला तेव्हा त्याला दुखत नव्हतं. ज्या केवळाबाईंनी आदल्या दिवशी आपला तांब्या माझ्यापासून दूर सरकवला होता, त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच तांब्याने मला पाणी पाजलं. मी सोलापूर सोडलं. तुझ्या सरजाचं ऑपरेशन पंधरवड्याने झालं.

आता नीट ऐक. माझा नागसेन सरजाच्या जागी गेला नाही. त्याचं मरण आम्ही रेणापूरहून सोबत घेऊनच निघालो होतो. तुझ्या पोरीच्या वाट्याचं त्याला मिळालं ते फक्त टेबल आणि ती सकाळ. म्हातारीच्या चुकीमुळे मला माझा मुलगा एक संध्याकाळ आणि एक दिवस परत मिळाला, हसता, बोलता, न दुखता. ती चूक झाली नसती तर तो त्या वऱ्हांड्यात तळमळत गेला असता आणि माझ्याजवळ आज त्याचं रडणंच राहिलं असतं. केवळाबाईंना मी हे बोलले नाही, त्या गेल्यावर त्याची हळहळ वाटते. पण तुमच्या घरात कोणी असं काही मनात धरून बसलं असेल हे मला कसं सुचावं? तू जिला मरणाची हूल समजून अकरा वर्षं घाबरते आहेस, त्या सकाळीचे मी अकरा वर्षं मनातल्या मनात उपकार मानते आहे. आणि दिवाळीत गोठ्यात सरजा मला काय म्हणाली तेही सांगते. ती स्वतःच वाचते आहे, तेव्हा चहाडी होत नाही. ‘मला करायचंय ऑपरेशन, बाई. पर आई माझा हात बघती अन् रडती, अन् का ते सांगत न्हाई.’ सरजा, आता तुला कळलं, ती का रडते ते. त्यात तुझ्या हाताचा काही दोष नाही, आणि तुझ्या आईला रागावायचंही नाही. तिचा हात धर, तुझ्या उजव्या हाताने.

चांगुणा, एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, आमच्या ह्यांनाही नाही. ऑपरेशनवाली बाई ऑपरेशनच्या वेळी कधीच तिथे नसते. मी पोराला नेते, दाखल करते, आईला धीर देते, आणि शाळेची वेळ झाली म्हणून सटकते. त्या दाराबाहेरच्या बाकावर माझ्याने बसवत नाही. दार उघडून लेकरू बाहेर आलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि ते राहिलं नाही. मला एकदा तिथे बसायचं आहे आणि आपलं म्हणावं असं पोर बाहेर येताना, कण्हताना, पाणी मागताना आणि मग बरं होताना बघायचं आहे. माझ्या मुलींवर ती वेळ येऊ नये, आणि गावातल्या पोरांच्या बाकावर त्यांच्या आयांचा हक्क. राहिली सरजा. मरणाचं तुमच्या घरावर काही देणं नाही, हे मी शपथेवर सांगते. पण माझं काही देणं आहे असं तुला इतकी वर्षं वाटत असेल, तर ठीक आहे, आज मी मागते. एक फेब्रुवारीला, बुधवारी, पहिल्या गाडीने मी तुमच्या किल्लारीला उतरते आहे. सरजाला घेऊन माझ्याबरोबर लातूरला चल आणि त्या बाकावर माझ्या शेजारी बस. मला एकटीने बसवत नाही.

तुझीच,
तारामती